मिटलेली तोंडं

सुनीताने वर्गातला पंखा बंद केला, तरी घूंऽऽ आवाज चालूच राहिला. "मॅडम, पंख्याचाच आवाज आहे" म्हणालेला पोरगा खाली मान घालून हसला. सुनीता माझी सून, कॉलेजात नवीनच शिकवायला लागलेली. विसरलेला डबा घेऊन मी दारात उभी होते. वर्गभर पोरं तोंड मिटून गुणगुणत होती आणि चेहरे असे, जणू कीर्तनाला बसलीत. शिवी देणाऱ्याशी भांडता तरी येतं. मिटल्या तोंडाशी कसं भांडायचं? नवरा गेल्यावर आमच्या गल्लीनेही मला असंच वागवलं. कोणी वाईट बोललं नाही, फक्त मी आले की सगळे गप्प व्हायचे.

सुनीताच्या हातातला खडू मोडला. दुसरा घेऊन ती तास संपेपर्यंत फळ्यावर लिहीत राहिली.

घरी म्हणाली, "आई, उद्यापासून मी जात नाही."

"नको जाऊ. पण मग पोरांना कळेल, तोंडही न उघडता माणूस हाकलता येतो."

अजूनही फ्रीज घुरघुरला की ती बोलताबोलता थांबते. मी उठून बटण बंद करते. ती पोरं कधीच पास होऊन गेली. सुनीता तिथेच शिकवते.