विहीणबाईंचे बिल्ले

सरलाबाई कुणावर जळत नाहीत असं सुरतेतल्या लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत कुणी म्हटलं असतं, तर सगळ्यांत आधी त्या स्वतःच हसल्या असत्या. शेजारणीचा नवा मिक्सर, समोरच्या बिल्डिंगीत दोन वेळ येणारं पाणी, भावजयीचे पन्नाशीतही दाट राहिलेले केस, कशानंही त्यांना पोटात दुखायचं आणि ते त्या लपवायच्याही नाहीत. लग्न होऊन धरणगावाहून सुरतेला आल्या. नवऱ्यानं मरेपर्यंत लूम चालवला, यांनी घरात बसून साड्यांना टिकल्या लावल्या, त्यावर मुलगा ललित शिकला आणि मार्केटातल्या साडीच्या दुकानात लागला. एवढं करून माझ्या पदरात काय पडलं, असं त्या येताजाता विचारायच्या. पण धनश्री झाल्यापासून विचारायच्या बंद झाल्या.

धनश्री त्यांची नात, वय वर्षं आठ. तिची आई सायली कतारगामला हिऱ्याच्या ऑफिसात हिशेब बघायला सकाळीच बाहेर पडायची. त्यामुळे पोरीची न्हाणीधुणी, वेण्या, डबा, ताप, खोकला सगळं आजीकडे. पोर शाळेत गुजराती बोलायची, रस्त्यावर हिंदी आणि आजीशी मात्र चक्क अहिराणी. सरलाबाईंना वाटायचं, ही भाषा पोरगी फक्त आपल्यासाठी राखून ठेवते. ते खरंही होतं म्हणा.

आणि मग श्रावणात विहीणबाई आल्या. सायलीची आई, वंदनाताई. नाशिकला पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. एक लहानशी बॅग, नीट इस्त्रीच्या साड्या, आणि मुख्य म्हणजे गुडघे अजिबात न दुखणारे. सरलाबाईंनी ते गुडघे पहिल्याच दिवशी हेरले. बाई खाली मांडी घालून बसली काय, हात न टेकता उठली काय!

पण खरी आग लावली ती त्या बिल्ल्यांनी. शहराबाहेरच्या प्राणीबागेत दर रविवारी घरच्या माणसांनी मिळून करायचे खेळ असतात, ही बातमी वंदनाताईंनीच शोधून आणली. पोरासोबत घरची दोन मोठी माणसं चालतात. दिवसभर एखाद्या प्राण्याची माहिती घ्यायची, सांगितलेलं काम करायचं, शेवटी तिथला माणूस दोनचार प्रश्न विचारतो आणि जमलं तर पोराच्या छातीवर बिल्ला लावतो. सायली, धनश्री आणि तिची नानी अशा तिघी जायच्या. नानी म्हणजे वंदनाताईच, सुरतेच्या पोरांना आईची आई नानीच. तीन रविवारी तीन बिल्ले आले. कासवाचा आला, घुबडाचा आला, मगरीचाही आला. पोरीनं ते दप्तराला लावले आणि घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. नानी म्हणाली घुबड मान अशी फिरवतं, नानी म्हणाली मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही.

सरलाबाईंची अवस्था काय सांगावी! विहीण म्हणजे मानाची. पहिलं ताट तिचं, तुपाची पहिली धार तिच्या भातावर. हात वाढत होता आणि आत जीव नुसता तडफडत होता. शेजारच्या शांताबाईंजवळ त्यांनी सरळ सांगून टाकलं की आठ वर्षं नाक मी पुसलं आणि बिल्ले लावायला ही आली. भरीस भर, पाहुणीला बरी जागा म्हणून पोरीच्या शेजारची गादीही त्यांनीच स्वतःच्या तोंडानं देऊन टाकली होती.

चौथ्या रविवारी सायलीला ऑफिसात बोलावलं आणि जागा रिकामी झाली. ललितला म्हशीसारखं लोळत पडायचं होतं. सरलाबाई म्हणाल्या, मी जाते.

त्या दिवशी पोळा होता. पहाटे उठून त्यांनी चुलीवर मातीचं पालथं खापर तापवलं आणि हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढ्या पुरणाच्या पोळ्या केल्या. घरात मातीच्या बैलांची पूजा उरकली आणि पोळ्या फडक्यात बांधून त्या रिक्षात बसल्या. आज पोरगी आजी म्हणाली, आजी म्हणाली असं सांगत घरी यायला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तिथं नशिबानं काम निघालं ते बैलाचं. बागेच्या कडेला शेतातली जनावरं ठेवली होती. त्यातला एक थोराड पांढरा बैल पोटानं आजारी होता. त्याच्यावर दिवसभर लक्ष ठेवायचं, तो काय खातो, कधी रवंथ करतो ते पाहायचं आणि बाहेरचं काहीही त्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. तिथला धर्मेंद्र नावाचा तरुण राखणदार हे बजावून गेला. वंदनाताईंनी तेच आणखी दोनदा सांगितलं. वंदनाताईंनी सांगितलं, म्हणून सरलाबाईंनी मुद्दाम कान दिला नाही.

दुपारी नानी आणि नात पाणी भरायला नळावर गेल्या. सरलाबाई कुंपणाशी एकट्या उरल्या. समोर बैल. पोळ्याचा दिवस आणि याच्या शिंगांना रंग नाही, अंगावर झूल नाही, कपाळाला कुंकवाचं बोटसुद्धा नाही. आयुष्यात पोळ्याला बैल उपाशी पाहिला नव्हता त्यांनी. बाकी सगळ्या दिवशी पथ्य ठीक आहे, पण आज? आजच्या दिवशी मानाचा घास याचाच असतो, त्याला कुणाचा नियम लागतो? त्यांनी एक पोळी चौघडी करून पुढे केली. बैलानं ती अशी ओढून घेतली की बाईंचे डोळे भरून आले.

संध्याकाळी धर्मेंद्र आला तेव्हा बैलाच्या मुस्कटाला पिवळं पुरण वाळलेलं होतं. कुणी काय खाऊ घातलं, त्यानं हिंदीत शांतपणे विचारलं. धनश्री एकीकडून दुसरीकडे बघायला लागली. वंदनाताईंची नजर सरलाबाईंच्या तुपकट बोटांवर क्षणभर थांबली आणि मग त्या म्हणाल्या, की माझ्याकडून झालं.

पोरीनं नानीच्या हातातला हात झटकन ओढला आणि ती येऊन सरलाबाईंच्या निऱ्यांत तोंड खुपसून रडायला लागली. तीन आठवडे ज्यासाठी त्या जळत होत्या ते असं आयतं चालून आलं. गप्प राहायचं, बस्स. त्या गप्प राहिल्याही. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं त्यांना.

धर्मेंद्रनं विचारलं, नक्की काय दिलं ते सांगा, डॉक्टरांना कळवावं लागेल. वंदनाताई म्हणाल्या, पुरणपोळी होती, मीच केलेली.

मीच केलेली? पुरणाची पोळी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणणारी बाई! खापराजवळ भाजून निघालेले हात सरलाबाईंना अजून झोंबत होते. दोष घेतलास तो घे, पण पोळी?

"पोयी मन्ही शे," त्या ओरडल्या. विहिणीसमोर इतके दिवस जपून बोललेली पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "मीच करी, आनि मीच दिधी."

बिल्ला मिळाला नाही. बैलाला आणखी त्रास झालेला नव्हता; एका पोळीनं काही होणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा या, एवढं धर्मेंद्र म्हणाला. धनश्रीनं निऱ्या सोडल्या आणि दोघींकडे पाठ करून ती फाटकाकडे चालायला लागली. सरलाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. चालून आलेलं त्यांनी स्वतःच्या हातानं घालवलं होतं, तेही एका पोळीच्या मानासाठी.

रिक्षात पोर मधे बसली, कुणाशी बोलली नाही, आणि गोडादऱ्याच्या अलीकडेच दमून झोपली. झोपेत मान कलली ती सरलाबाईंच्या दंडावर. वंदनाताई कितीतरी वेळ ती मान बघत होत्या.

"रात्री माझ्याशेजारी झोपते ना, तेव्हा पण असंच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या अंगावर हात टाकते आणि झोपेत 'आजी' म्हणते. मी ओ देत नाही. तुमचा समजून माझा हात धरते, तेवढा धरू देते. मला तुमचा फार हेवा वाटतो, सरलाताई. माझ्याकडे ते बिल्लेच आहेत."

सरलाबाईंनी तोंड रस्त्याकडे वळवलं, कारण त्यांना हसू येत होतं. उभ्या जन्मात त्यांचा कुणी हेवा केला नव्हता. साठ वर्षं दुसऱ्यांचं बघून जळण्यात गेली आणि आज ही इस्त्रीच्या साडीतली बाई आपल्यावर जळते! त्यांनी ते सुख अगदी पुलापर्यंत पुरवून पुरवून घेतलं. मग अंधारात जागी पडलेली, हाक ऐकून गप्प राहणारी वंदनाताई त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि ते सुख बेचव झालं.

"ओ देत जा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण तिची आजीच ना."

वंदनाताईंनी मान हलवली, डोळे पुसले. रिक्षा लिंबायतच्या गर्दीत शिरली तेव्हा सरलाबाईंनी पोरीचं डोकं आपल्या दंडावर आणखी जवळ घेतलं.

"पण एकदाच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा हाक मारली, तर मला उठवायचं."