आई टाकीत पाणी घालायची

बाबा निवृत्त झाले त्या सुमाराला आम्ही नालासोपारा पश्चिमेला नवे राहायला आलो. चाळीतल्या एका खोलीतून एकदम दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत बाबांनी काचेची मोठी टाकी ठेवली आणि कुणाचंही न ऐकता तिच्यात समुद्राचं पाणी भरलं. "गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं," असं ते म्हणायचे.

अधूनमधून ते स्कूटरला कॅन बांधून कळंबला जायचे, भरतीचं पाणी आणायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे. मग नळीने टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. हे काम त्यांचं. रोजचं काम आईचं. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागे राहतं. त्यामुळे रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. बाबांनी काचेवर रंगाने एक रेघ ओढून दिली होती. पाणी रेघेखाली गेलं की आईने बादलीत साठवलेलं शिळं पाणी तांब्याने हळूहळू सोडायचं आणि रेघेशी थांबायचं. सुरुवातीला ती कुरकुरायची. पुढे टाकीतल्या दोन नारिंगी-पांढऱ्या माशांशी बोलायला लागली. मी कामावरून उशिरा आलो तर म्हणायची, "तुझ्यापेक्षा हे बरे, घरात तरी असतात."

काही वर्षं सगळं नीट चाललं. मग एका उन्हाळ्यात टाकीतल्या दगडाला धरून असलेलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, आक्रसलं आणि दोनच दिवसांत कुजलं. बाबांनी खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली, तर मीठ फार कमी. त्यांनी कळंबच्या पाण्याला दोष दिला आणि भुईगावहून पाणी आणायला लागले. पाणी बदललं की खारेपणा चढायचा, आठवडाभरात पुन्हा उतरायचा. बाबांनी मोजायची नळी नवी आणली. तीही तेच दाखवायला लागली. मासे तळाशी बसून राहू लागले. त्या दिवसांत आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची, शेजारणीचं नाव विसरायची. वय झालं, असं म्हणून आम्ही सोडून देत होतो.

एकदा तापामुळे मी घरी होतो. दुपारी बाबा झोपले होते, मी आतल्या खोलीत पडून दारातून बाहेर पाहत होतो. आई आली, तिने रेघ पाहिली, तांब्याने पाणी घातलं आणि खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने उठली आणि पुन्हा घातलं. पाणी रेघेच्या बरंच वर गेलेलं तिला दिसलं. ती घाबरली. तांब्या बुडवून तिने टाकीतलं खारं पाणी काढलं आणि मोरीत नेऊन ओतलं. पुन्हा येऊन बसली. जरा वेळ गेला आणि ती परत बादलीकडे वळली.

मी उठून बाहेर गेलो. "आई, काय करतेस?"

"पाणी कमी झालंय ना. आज कुणी घातलंच नाही."

"तूच आत्ता घातलंस."

"मी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्यावर काहीतरी आळ घेतोय. "मी तर आत्ताच उठले."

तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

संध्याकाळी गॅलरीत मी बाबांना सांगितलं. "उन्हाने थकते ती," एवढंच ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. पेपर समोर धरून बसून राहिले आणि सगळं त्यांनी स्वतः पाहिलं.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते सांगत असताना आई त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर वाचत होती.

बाबांनी आधी बादली लपवून पाहिली. आईने घरभर शोधली आणि शेवटी जमिनीवर बसून रडली. "माझ्या वस्तू कोण उचलतं या घरात?" त्यांनी टाकीवर झाकण ठेवलं, तिने ते काढलं. खारेपणाचे हे चढउतार माशांना सोसले नाहीत. आधी एक मेला, मग दुसरा. आईने विचारलं, "झोपलेत का?" बाबा हो म्हणाले.

त्या रविवारी बाबांनी टाकीतलं सगळं खारं पाणी बादल्यांनी उपसून मोरीत ओतलं. मी मदतीला उठलो, तर हातानेच नको म्हणाले. टाकी घासून त्यांनी तिच्यात शिळं गोडं पाणी भरलं आणि स्टेशनजवळच्या दुकानातून साधे गप्पी मासे आणून सोडले. मग तांब्या आईच्या हातात दिला. "घाल आता हवं तेवढं."

आई दिवसभर पाणी घालायची आणि काढायची. संध्याकाळी जास्तीचं पाणी बाबा नळीने काढून टाकायचे, फरशी पुसायचे. ते पुन्हा कळंबला गेले नाहीत. मासे बदलले हे आईच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग हळूहळू ती नुसतीच टाकीसमोर बसायला लागली. एका सकाळी बाबांनी तिला हाक मारली. "अगं, पाणी कमी झालंय."

तिने मान वर केली नाही. त्यांनी भरलेला तांब्या तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, आत पाहिलं आणि घोटभर पाणी प्यायली. उरलेलं बाबांकडे दिलं आणि अनोळखी पाहुण्याला विचारावं तसं म्हणाली, "तुम्ही घेणार का?"

बाबा तिच्या शेजारी बसले आणि ते पाणी प्यायले. मग तिच्या साडीवर सांडलेलं टिपायला टॉवेल आणायला उठले.