नवव्या दिवशीचा ताप

आमच्या गल्लीत तिला सगळे माऊ म्हणायचे. बोबड्या तोंडात 'मावशी' मावत नसे, म्हणून माऊ. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकोणीस वर्षं पाळणाघर चालवत होती. भिंतीवर नऊ खिळे, प्रत्येकाला एक टॉवेल. चमच्यांच्या दांड्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे, एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात जायला नको म्हणून. स्वतःचं मूल नव्हतं. कुणी हळहळलं तर म्हणायची, "नऊ आहेत की. वर संध्याकाळी सहाला परत नेतात, याहून सुख काय?" नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणे, "मी माणसं वर-खाली करतो, ही नऊ जणांना एका वेळी झोपवते. काम हिचंच अवघड."

माझी मुलगी दोन वर्षं तिच्याकडे होती. म्हणून हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच सांगायला जड जातं.

ठकी त्या नऊ जणांत सर्वांत धाकटी, चौदा महिन्यांची. गोल चेहऱ्याची, बाहुलीसारखी बसून राहणारी. 'आई'च्या आधी ती 'माऊ' म्हणायला शिकली होती. ते तिच्या आईला थोडं लागलंही होतं.

त्या दिवशी ठकीला सोडताना आई म्हणाली, "रात्रभर किरकिर केली. दात येत असतील." तिला चष्म्याच्या दुकानात कामावर वेळेवर पोचायचं होतं. नऊ दिवसांपूर्वी ठकीला गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस टोचली होती, हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. टोचल्यावर पोर हसतखेळत होती, दुसऱ्या दिवशीही. या लसीचा ताप आठवडा उलटून गेल्यावर येऊ शकतो, असं नर्सने सांगितलं होतं. पण रडतं मूल कडेवर घेऊन ऐकलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

दुपारी ठकी भातावरून तोंड फिरवू लागली. माऊने गालाला हात लावला तर चटका बसला. तिने अंग पुसलं, आईला फोन लावला. तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा लावत असतानाच मांडीवरच्या पोरीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि झटके सुरू झाले.

माऊने तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, आणि घड्याळाकडे बघत राहिली. दोन मिनिटांत झटके थांबले. बाकीच्या आठ मुलांना शेजारणीच्या हवाली करून ती टॅक्सीने रुग्णालयात गेली. वाटेत आईने फोन उचलला, तेव्हा तिला तापाचं सांगितलं. तिथे पोचेपर्यंत ठकी डोळे उघडून रडायला लागली होती.

"कुठे पडली होती का?" तरुण डॉक्टरने विचारलं.

"आज नाही. काल खेळताना धडपडली. कपाळाला लागलं जरा, हे बघा."

ठकीचे आई-बाबा नेमके तेव्हाच दारात आले.

"काल पडली होती?" आईने विचारलं.

"धडपडली, ताई. ठकीचे बाबा न्यायला आले तेव्हा त्यांना सांगितलं होतं मी."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना आठवत नव्हतं.

"तुम्ही माझ्या मुलीला पाडलंत," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पाडलंत, आणि आता तापाचं सांगताय."

संध्याकाळी तिने पालकांच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. पाळणाघरात मूल पडलं, झटके आले, रुग्णालयात आहोत, आपापली मुलं सांभाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ठकीच्या पोटावरचं बारीक पुरळ पाहिलं, लसीकरणाचं कार्ड मागितलं आणि बोटांवर दिवस मोजले. "हा लसीचा ताप. साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसात येतो, अंगावर पुरळही उठतं. क्वचित एखाद्या मुलाला ताप चढताना असा झटका येतो. बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो, पण मुलाला त्याने पुढे काही होत नाही. खरा गोवर झाला असता तर याहून खूप सोसावं लागलं असतं. कपाळाच्या टेंगळाचा इथे संबंध नाही. आणि जिने कुशीवर वळवलं, तिने अगदी बरोबर केलं."

ठकीच्या आईने ग्रुपवर दुसरा निरोप पाठवला. लांबलचक, सगळं खरं सांगणारा, माफी मागणारा. पहिला सगळ्यांनी वाचला होता. दुसरा किती जणांनी पुरता वाचला, कोण जाणे.

मी दोन्ही वाचले. दोन्ही मला कळले. तरी सोमवारी मी माऊच्या दारात उभी राहून म्हणाले, "आमच्या सासूबाई येताहेत राहायला. आता त्याच सांभाळतील."

"बरंच झालं. आजीसारखं माणूस नाही." तिने खिळ्यावरचा टॉवेल काढला, हिरव्या दोऱ्याचा चमचा पुसून त्यात गुंडाळला. "झोपवताना पाठीवर थोपटा हं. डोक्यावर हात ठेवला की जागी होते ती."

नऊ मुलांची चार झाली. ठकी परत आली नाहीच. "रागावलेलं माणूस फिरून येतं," माऊचा नवरा मला एकदा रस्त्यात म्हणाला. "ओशाळलेलं येत नाही." चार मुलांवरही तिचं चाललं असतं. पण मुलं दुपारी झोपली की ती एकेकाच्या नाकाखाली बोट धरून बसायची. शेवटच्यापर्यंत पोचली की पुन्हा पहिल्यापासून. उन्हातून आलेलं एखादं मूल गरम लागलं तरी ती लगेच त्याच्या आईला फोन लावायची. दोन महिन्यांनी तिने पाळणाघर बंद केलं. खिळे तिनेच उपटले. भोकं नवऱ्याने बुजवली.

यंदा मुलीचा गणवेश शिवायला टाकला, त्या दुकानात माऊ दिसली. कोपऱ्यात बसून काजं-बटणं करत होती.

"सासूबाई कशा आहेत?" तिने विचारलं.

खोटं पुन्हा जिभेवर येईना. "त्या आल्याच नव्हत्या," मी म्हणाले.

"ठाऊक आहे." तिने दातांनी दोरा तोडला. मग बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "ठकीची आई आली होती मध्ये. ठकीचा त्याच लसीचा दुसरा डोस होता. तीनदा तारीख पुढे ढकललेली, हिंमत होईना. म्हणाली, तुम्ही बरोबर चला. गेले. म्हटलं, डॉक्टरीणबाई देऊ या म्हणतात ना, मग टोचून घे. पोरीला गोवराच्या हाती देण्यापेक्षा हे बरं."

"ठकीने ओळखलं?"

"कसं ओळखेल? चार वर्षांची झाली आता. हात पुढे केला तर आईच्या मागे लपली. म्हणाली, ह्या कोण?" तिने पुढचा शर्ट ओढून घेतला. बटण जागेवर ठेवलं, पण सुई टोचली नाही. "आई रडायला लागली. मलाच तिची समजूत घालावी लागली."

"मग? ताप आला?"

"नाही आला. बारा दिवस रोज संध्याकाळी फोन करून विचारलं मी. तेराव्या दिवशी काय विचारायचं ते सुचेना. मग नाही केला."