पाहुण्यांसाठी दुप्पट तुरटी

महिनाभर मला झोप नव्हती, आणि दोष लेकीचा नव्हता. ती छान घोरायची. काळजी मेंब्रेनची! बारामतीजवळच्या आमच्या फॅक्टरीत पाणी गाळायचं नवं मशीन आलेलं. त्याच्या आतले नाजूक पडदे, म्हणजे मेंब्रेन, एकदा गाळानं चोक झालेले. साहेब म्हणाले, "मॅडम, परत चोक झाले तर केमिस्ट बदलावा लागेल."

केमिस्ट म्हणजे मी. कालव्याचं पाणी मशीनपर्यंत पोचायच्या आधी स्वच्छ करायचं, एवढंच काम. पण एवढ्याशा कामात किस्से असे साठतात, की कुठल्या फिल्टरनं गाळावेत!

*

सांगवीचे तात्या पंप सांभाळायचे. तुरटी किती टाकायची ते मी प्रयोग करून ठरवते म्हटल्यावर हसले.

"आमची म्हातारी रांजणात तुरटी फिरवायची. तिला कुठं डिग्री हुती?"

मी सरळ प्रयोगाची भांडी मांडायला गेले.

*

तो प्रयोग म्हणजे सहा काचेच्या भांड्यांत गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटी कमीजास्त. कशात गाळ नीट बसतो ते बघायचं. डबा खाऊन आले, तर सहाही भांडी लख्ख, पालथी!

फिटर रफिकभाई खुशीत. "केवढी घाण झालती, मॅडम! घासून ठेवली."

*

मशीनच्या तोंडाशी सुताचा एक फिल्टर असतो; तो मळला की पाण्याचं प्रेशर पडतं. एकदा प्रेशर एकदम झकास! मी हरखले. उघडून बघते, तर आत फिल्टरच नाही.

"सारखा मळतोय त्यो," रफिकभाई म्हणाले, "म्हणून काढूनच ठेवला."

*

पुण्याहून मोठे पाहुणे मशीन बघायला येणार, त्याच सकाळी टाकीत दुप्पट तुरटी! जादा तुरटीही मेंब्रेनवरच जाऊन बसते. मी टाकीकडं धावले.

"तात्या, हे काय?"

"पाव्हणं येनार हायत न्हवं? च्यात साखर वाढवतोच की आपण!"

सगळी टाकी सोडून दिली, पुन्हा भरली.

*

सासूबाई गावी वरकुट्याला गेलेल्या, म्हणून त्या दिवशी चार वर्षांची लेक प्रज्ञा माझ्यामागंच. टाकी, तुरटी, वाळूचा फिल्टर, सगळं तिनं बघितलं.

पाहुण्यांसमोर शेवटची परीक्षा. मशीनमध्ये जायच्या आधीचं पाणी पंधरा मिनिटं एका गोल कागदातून सोडायचं. कागद तपकिरी निघाला, तर मशीन बंद आणि मीही.

मी चिमट्यानं कागद उचलला. कागद पांढरा!

साहेबांनी तो झटकन पाहुण्यांपुढं धरला. "बघा, मशीनची कमाल!"

मी नेहमीसारखी मान डोलावली.

प्रज्ञानं कागद बघितला, मग ते भलंमोठं मशीन.

"आई, पाणी तर तूच धुतलंस. मग हे काय करतं?"