चढ नसलेला रस्ता

फोनवर दिलीपच्या घरचा नंबर दिसला, तेव्हा पलीकडचं काही ऐकून न घेताच मी सांगून टाकलं, "हे बघ, या वर्षी मी येणार नाही. माझी कंबर गेलीये." मे महिना होता. कॅलिफोर्नियातल्या टाहोच्या डोंगरातला बर्फ वितळायला लागला की याचा फोन यायचा, हे ठरलेलंच. पलीकडून त्याच्या बायकोचा, सुषमावहिनींचा आवाज आला, "भावजी, दिलीप गेला…" ऑफिसच्या कॅफेटेरियात, जेवणाच्या रांगेत उभा असताना, छातीत कळ आली आणि संपलं. ज्या माणसानं सात उन्हाळे मला त्या डोंगरांतून फरफटत नेलं, चढावर ज्याला धाप लागलेली मी एकदाही पाहिली नाही, तो गेला सपाट फरशीवर, हातात ट्रे धरून. काय म्हणावं या माणसाला! मला आधी रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

दिलीप नागपूरचा, मी पुण्याचा. क्युपर्टिनोत आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो आणि पुढे दोघांनी घरं घेतली तीही जवळपास. पुण्याची माणसं बोलतात फार आणि करत काही नाहीत, हे त्याचं माझ्याबद्दलचं मत, आणि ते तो चारचौघांत सांगायचा. २००१ साली त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली. काही महिने हा घरी बसला, आणि रिकामा माणूस घरात नुसता फेऱ्या मारणार, त्यापेक्षा त्यानं वहिनींना सायकल शिकवायला घेतली. वहिनी तेव्हा चाळिशीला आलेल्या. रविवारी ऑफिसांचे पार्किंग लॉट रिकामे असत, तिथे हा सीट धरून मागे पळायचा आणि त्या "सोडू नकोस रे" म्हणत जायच्या. शिकल्या. एकदा पडल्या, गुडघा फुटला, तरी शिकल्या.

त्याच उन्हाळ्यात आम्ही दोन्ही घरचे मिळून टाहोला गेलो. तिथल्या मोठ्या तळ्याच्या वरच्या अंगाला, पाइनच्या जंगलात, एक लहान तळं आहे. तिकडे वनखात्याचा खडीचा कच्चा रस्ता जातो. आम्ही गाडी लावून फोटो काढत होतो, तर दोन पिकल्या केसांच्या अमेरिकन आज्ज्या सायकलवरून गप्पा मारत आमच्या शेजारून त्या रस्त्यानं वर गेल्या. वहिनी बघतच राहिल्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "मला त्या वरच्या तळ्यावर जायचंय. पण गाडीनं नाही हं, सायकलनंच."

झालं! दिलीपनं ते वाक्य असं काही मनावर घेतलं की मला सात वर्षं भोगावं लागलं. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन जावं की नाही? नाही. आधी रस्ता पक्का करायचा. तळ्याकडे जाणारे कच्चे रस्ते एक का आहेत? लाकूडतोडीच्या काळातले जुने रस्ते आहेत, वनखात्याचे आहेत, कुठे मध्येच फाटक, कुठे ओढा. त्यातला असा एक शोधायचा, की ज्यावर वहिनींना एकदाही सायकलवरून उतरावं लागणार नाही. डोंगरात चढ नसलेला रस्ता! हे म्हणजे समुद्रात कोरडी जागा शोधण्यापैकी. आणि तो सापडला हे कळणार कसं? तर माझ्यावरून. त्याचं असं झालं की घरामागच्या टेकडीवर आम्ही चार लोक एकदा सायकली घेऊन गेलो होतो, तेव्हा मी आणि वहिनी दोघंही मध्येच उतरलो आणि धापा टाकत एकदमच वर पोचलो. त्यावरून साहेबांनी निष्कर्ष काढला की आमचा दोघांचा दम सारखा. "तू बसून वर पोचलास तर रस्ता पास, उतरलास तर फेल." मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं टेस्टिंगच करतो, तेव्हा तक्रार कुठे करणार?

त्या रस्त्यांचं वर्णन काय करावं. काही ठिकाणी खडी पन्हाळी पत्र्यासारखी लाटालाटांची, दात वाजतात. काही ठिकाणी ग्रॅनाइटची भुसभुशीत वाळू, पुढचं चाक रुतलं की माणूस आडवा. आमच्या सायकली वाकड्या हँडलच्या, जरा जाड टायरच्या, ना धड डांबरावरच्या ना धड डोंगरातल्या. त्याच्या त्या भारी सायकलला त्यानं नागपूरहून आणलेली स्टीलची घंटी बसवली होती, आपल्याकडे दूधवाल्याच्या सायकलला असते तसली. अस्वलांना आधी कळलेलं बरं, म्हणायचा. अस्वल कधी आलं नाही, घंटी मात्र मला ऐकावी लागली. हा पुढे जाऊन चढाच्या माथ्यावर उभा राहायचा आणि मी दिसेपर्यंत ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. मी खालून ओरडायचो, "आलो रे, आलो! जीव घेतोस का!" वर पोचलो की पोळीभाजीची गुंडाळी हातात ठेवायचा आणि विचारायचा, "उतरलास का?" खोटं बोलायची सोय नव्हती, माझा चेहराच सांगायचा. मग मान हलवून म्हणायचा, "फेल. पुढच्या वेळी त्या ओढ्याच्या अंगानं बघू." आणि आल्या रस्त्यानं परत जायचं नाही, हा आणखी एक नियम. एकदा तर सायकली खांद्यावर घेऊन गुडघाभर गार पाण्यातून काढायला लावल्या, कारण पलीकडचा रस्ता "बघून तरी घेऊ". दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी लंगडत होतो.

यातली खरी गंमत मला चौथ्या-पाचव्या वर्षी कळली. रस्ते दरवर्षी अवघड होत चालले होते. म्हणजे रस्ते तिथेच होते, माझं पोट वाढत होतं. जो चढ आदल्या वर्षी पास झाला, त्यावर मी पुढच्या वर्षी उतरायचो. दिलीप कपाळाला हात लावायचा. "अबे, गेल्या वर्षी इथून गेला होतास ना?" मी म्हणायचो, अरे बाबा, मी म्हातारा होतोय, मशीन बिघडलंय, तू वहिनींना घेऊन ये आणि बघ. ऐकेल तर शपथ. एकदा मी फारच चिडलो. सायकल झुडपात टाकली, खडीवर बसून राहिलो आणि म्हटलं, तिला एकदा विचार तरी. तो शेजारी येऊन बसला. तेव्हा जे बोलला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"ती उतरली ना, की तिला वाटेल आपल्याला जमत नाही. मग ती परत सायकलला हात लावणार नाही. एकदाच न्यायचं, पण असं न्यायचं की ती तळ्यापर्यंत बसून जाईल."

आता यावर काय भांडणार? मी झुडपातून सायकल काढली.

तो गेल्यावर सगळे भेटून गेले, डबे आले, थांबले. जुलैत त्यांच्या मुलीचा, नेहाचा, फोन आला. "काका, आईला त्या लेकवर जायचंय. शी इज सीरियस. तुम्ही जाल तिच्यासोबत?" मी कंबरेचं काही बोललो नाही. रस्ते सगळे दिलीपच्या डोक्यात होते, आणि उरलेले माझ्या पोटऱ्यांत. त्यातल्या त्यात सोपा निवडला, गेल्या वर्षी शेवटच्या चढावर माझ्यामुळे फेल झालेला. वहिनींच्या सायकलला ती स्टीलची घंटी होती. "त्याच्या सायकलवरून काढली," म्हणाल्या, "ती सायकल मला उंच पडते."

रस्ता दाखवायला मी पुढे, त्या मागे. खडीचा आवाज तेवढा येत होता, आणि दर वळणावर मला वाटायचं, आता त्या उतरतील, मग दिलीपला काय सांगू… वाळूच्या पट्ट्यात माझं चाक हेलकावलं, त्या नीट निघून आल्या. शेवटचा चढ आला. मी निम्म्यात पोचलो आणि नेहमीसारखा उतरलो. मागून घंटी वाजली. मी बाजूला झालो. वहिनी माझ्या शेजारून गेल्या, श्वास चढलेला, पण पायडल एका लयीत, आणि मागे न बघता वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

मी सायकल धरून तिथेच उभा राहिलो. मग लक्षात आलं. या बाई इतकी वर्षं रोज सकाळी ऑफिसच्या आधी सायकलवर एक चक्कर मारून यायच्या. हे मला माहीत होतं, दिलीपला माहीत होतं. घराजवळच तर, असं आम्ही दोघंही धरून चाललो. ते घराजवळ म्हणजे तीच घरामागची टेकडी होती, हे त्यांनी मला त्या दिवशी खाली उतरल्यावर सांगितलं. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत त्याच पातेल्यातलं नको का? सात वर्षं हा माझा दम मोजत बसला आणि रस्त्यांना नापास करत गेला. माझा इतका संताप झाला की डोळ्यांसमोरचा रस्ता दिसेना.

तेवढ्यात वरून घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो रे, आलो! जीव घेतोस का!"

वर पोचलो तेव्हा वहिनी सायकलवरच बसलेल्या होत्या, एक पाय खडीवर टेकून. समोर तळं होतं, पलीकडच्या डोंगरावर थोडा बर्फ उरला होता. त्या रडत होत्या, आणि अंगठा अजून घंटीवर होता.

"दरवर्षी विचारायचे मी," त्या म्हणाल्या. "म्हणायचा, थांब, रस्ता तयार होतोय… भावजी, एवढाच होता का हो चढ?"

"एवढाच," मी म्हणालो.