मंदाकिनीबाईंचा चोरखिसा

हिंदी मुलखातल्या एका शहरात, तात्यापारा वस्तीतल्या मंदाकिनीबाई तीस वर्षं ब्लाउज शिवताहेत. साऱ्या बायकांच्या छातीचं माप त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या छातीचं नाव काढायची वेळ आली की मात्र नुसतं ‘इकडं’ म्हणायच्या. असल्याच लाजेपायी त्यांच्या थोरल्या बहिणीनं गाठ लपवली आणि हकनाक गेली. तेव्हापासून बाईंना धाकधूक होती, पण तपासून घ्यायला जावं, एवढी छाती होत नव्हती.

शेवटी त्यांची जुनी गिऱ्हाईक पद्मिनी मागं लागली. ही चौबे कॉलोनीतली, दवाखान्यात शरीराच्या उष्णतेचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर कामाला.

“मावशी, कोणी हात नाही लावत. फोटो मीच काढते.”

फोटोआधी वरचे कपडे उतरवून, सैल गाऊन घालून पंधरा मिनिटं गार खोलीत बसायचं असतं. बाई बसल्या, पण गाऊनच्या आत ब्लाउज तसाच! काढला तो अगदी फोटोच्या वेळी. पडद्यावर डाव्या बाजूला लालभडक डाग उमटला आणि बाईंनी पटकन गाऊन ओढून घेतला.

पद्मिनीनं निरखून पाहिलं. डागाला चक्क चार कोपरे होते.

“मावशी, मोबाइल कुठं ठेवता?”

कुठं म्हणजे? ब्लाउजच्या आतल्या चोरखिशात! ती तर बाईंचीच कला. अर्ध्या तात्यापाऱ्याला त्यांनी तो खिसा शिवून दिलेला. सकाळभर भजनं वाजवून मोबाइल तापला होता. दोघी पोट धरधरून हसल्या. बाईंना पुन्हा बसवलं, नीट गार केलं, आणि दुसरा फोटो स्वच्छ आला.

“झालं ना? जाऊ मी?”

“नाही. ह्या फोटोतून गाठ सुटूनही जाते, मावशी. तुमचं वय, त्यात बहिणीचं असं झालेलं. मॅमोग्राफी करावीच लागन. अन् तिथं हात लागन.”

“मग आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर आल्या असत्या?”

बाईंनी तिच्याकडे रागानं पाहिलं, मग त्यांनाच हसू फुटलं. “चाल. आज इतकी लाज गेली, उरलेलीचं काय लोणचं घालू?”

चार दिवसांनी रिपोर्ट हातात पडला. काही नव्हतं. बाईंना आनंद मावेना. घरी जाताना शेअर ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी पुण्यातल्या मुलाला फोन लावला. “वरद, माझ्या छातीचा रिपोर्ट चांगला आला! हव रे, छातीचा!”

सगळा ऑटो वळून बघायला लागला. शेजारची अनोळखी बाई पदर सावरत हळूच म्हणाली, “दीदी, ये कहाँ होता है? मेरे को भी दिखाना था।”

“भैया, रोको!” मंदाकिनीबाई ओरडल्या. तिचा हात धरून उतरल्या आणि आल्या वाटेनं दवाखान्याकडे निघाल्या.