सरवा बंद केला त्या वर्षी

दिवाळीच्या सुट्टीत नरडाण्याला गाडीतून उतरलो, तेव्हा जळगावच्या कॉलेजात मी दीड वर्ष अर्थशास्त्र शिकलो होतो. म्हणजे मला सगळंच कळत होतं. हल्ली माझी मुलं माझ्याशी त्याच आवाजात बोलतात आणि मी गुमान ऐकून घेतो.

आमच्याकडे भुईमूग उपटून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा उकरायला गावातल्या गरीब बायका यायच्या. याला सरवा म्हणत. विचारायचं नाही, वाटा द्यायचा नाही. जिला सापडतील तिच्या. मी बांधावर उभा राहून आबांना, म्हणजे वडिलांना, समजावलं, "आज उपटणाऱ्या बायकाच उद्या सरव्याला येतात. मग त्या नीट कशाला उपटतील? सरवा बंद करा, मजुरी थोडी वाढवा. दोघांचंही भलं."

आबांनी बायकांना तसं सांगितलं आणि उपटणी संपली त्याच संध्याकाळी शेतात नांगर घातला. शेंगा खरंच जास्त आल्या. पारावर आबा म्हणाले, "पोऱ्याले शिकाडं, ते वाया नही गयं." मी चेहरा साधा ठेवला. जमला नसावा.

दुसऱ्या दिवशी आमच्या भाऊबंदांतली एक म्हातारी खुरपं आणि टोपली घेऊन आली. तिला सगळे अक्का म्हणत. घरात एकटी, कंबर वाकलेली. उपटणीला तिला कुणी घेत नसे. सरव्याच्या शेंगांवर तिचं वर्षाचं तेल निघायचं. नांगरलेलं शेत बघून ती थेट माझ्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं, एक कारण, दोन कारणं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुन्हं गणित बरोबर शे, भाऊ. त्यामा मी कोठे शे?"

मजुरी वाढली होती, पण ती मजूर नव्हती. हे मला तिथंच दिसलं. मी मात्र म्हणालो, "अक्का, आई देईल ना तुला शेंगा!"

आईनं खरंच सूप भरून दिलं. अक्कानं ते ओट्यावर पालथं केलं. "सरवा मन्हा हक्कना व्हता. हाई भीक शे." आणि गेली.

मी शेंगा गोळा करायला वाकलो तर आई ओरडली, "हात लावू नको!" दुपारभर त्या तिथंच पडून होत्या. येणारा-जाणारा विचारायचा, आई माझ्याकडे बोट दाखवायची. शेवटी दारची शेळी सुटली आणि तिनं निकाल लावला.

त्याच आठवड्यात अक्का धुळ्याला लेकीच्या घरी राहायला गेली. जावयाच्या दारात पाणीसुद्धा न पिणारी बाई. पुढच्या वर्षी गावात आणखी चौघांनी सरवा बंद केला. ते मला विचारायला आले होते, आणि मी त्यांना नाही म्हणालो नाही.